पायाळूची पाठ

वरची वाडी, तळेरे
ता. १५ ऑक्टोबर २०२४

ती. यशोदाताईस,
नर्मदेचा साष्टांग नमस्कार. तू आणि भावोजी कोल्हापुरात सुखरूप असाल. भावोजींची साखर ताब्यात असेल, नसली तर दसऱ्याच्या जिलेबीचा दोष त्यांना देऊ नकोस, आणलीस तूच असशील.

इकडे सगळे बरे. आईची तब्येत वयाच्या मानाने उत्तम, म्हणजे कान गेले आणि जीभ शाबूत आहे. कौस्तुभ आणि संचिता मजेत. भात पिवळं झालंय, कापायला माणूस मिळत नाही आणि संध्याकाळ झाली की घाटाकडून आभाळ गुरगुरतंय. नेहमीचंच.

पाकिटावरचं अक्षर बघून ते फोडावं की नाही असा विचार करत बसली असशील. फोडलंस ते बरं केलंस. माझ्या कौस्तुभच्या लग्नापासून तू माझा फोन उचलत नाहीस, आणि चार वेळा वाजवून मीही सोडून दिलं. शिवाय या घरात फोनवर बोलायचं म्हणजे आईला ऐकू येत नाही एवढाच आडोसा, बाकी सगळी वाडी ऐकते. हे पत्र मी ओट्यावर कागद ठेवून उभ्याने लिहिते आहे. अक्षर वाकडं आलंय ते त्यामुळे. मास्तरीण म्हणून लाल पेन घेऊन बसू नकोस.

कालपासून माझं चित्त थाऱ्यावर नाही, ताई. कालवणात मीठ दोनदा पडलं. संचिता मुकाट जेवली, सून गुणाची मिळालीय. मला धक्का बसलाय, एवढं सरळ लिहून टाकते. पण तो कशाचा ते एकदम हातातून उतरत नाही, म्हणून आधी मशीनचं सांगते.

काजूच्या हंगामात बियांची गोणी उचलताना माझ्या पाठीत चमक भरली. मी म्हटलं जाईल. ती गेली नाही, कुल्ल्यातून मांडीत आणि मांडीतून पोटरीत उतरली. श्रावणात तर डाव्या पायाची बोटं झोपल्यासारखी व्हायला लागली. जमिनीवर बसले की उठायला भिंत लागायची. घरात कोणाला बोलले नाही. तू म्हणशील का नाही बोललीस. अगो, कोणत्या तोंडाने बोलू? आजूबाजूच्या गावांत कोणाच्या पाठीत उसण भरली की माणसं कोणाच्या पडवीत येऊन पालथी पडतात? माझ्या. नर्मदा पायाळू, आईच्या पोटातून पाय पुढे करून आली, तिने पायाचा अंगठा पाठीला तीनदा लावला की उसण सुटते. खारेपाटणपासून लोक रिक्षा करून आलेत. आणि आता पायाळूचीच पाठ धरली म्हटल्यावर लोक काय म्हणतील, याचा विचार करूनच मी अर्धी झाले.

आणि पायाळूला स्वतःचा पाय स्वतःच्या पाठीला लावता येत नाही. दार लावून मी करून बघितलंय, हसू नकोस. खाटेवर पडून, भिंतीला टेकून, कसंही केलं तरी पोचत नाही.

शेवटी ओरोसला गेले. तिथे पाठ-मानेच्या दुखण्याचा एक नवा दवाखाना निघालाय, चिरफाड न करता मशीनने मणके ताणतात असं एसटीत दोन बायका बोलत होत्या. घरी सांगितलं, आईच्या दाखल्याचं काम आहे. पुन्हा गेले तेव्हाही दाखला. तिसऱ्यांदा संचिता म्हणाली, आजींना एवढे दाखले कशाला लागतात? मी म्हटलं, सरकारी काम आहे बाई, आपल्याला काय कळतंय.

तिथली डॉक्टर समीक्षा म्हणून, कौस्तुभहून लहान असेल. तिने माझा फोटो काढून आणायला लावला, कुडाळला त्या बोगद्यात घालून काढतात तो. मग उजेडावर धरून दाखवलं. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते, ती माझी मागे सरकलीय आणि पायाकडे जाणारी नस तिच्याखाली दबलीय. म्हणजे दुखतंय पाठीत आणि ओरडतोय पाय. ती म्हणाली, सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण ऑपरेशनचा विचार करण्याआधी आपण हे करून बघू. मात्र पायातली ताकद जायला लागली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर माझी वाट बघायची नाही, त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात जायचं.

मशीन म्हणजे एक पलंग गो, मधोमध कापलेला. एक पट्टा बरगड्यांखाली आवळतात, दुसरा कमरेला. मग कमरेखालचा अर्धा पलंग हळूहळू सरकत जातो. ओढतो, थांबतो, सैल सोडतो, पुन्हा ओढतो. आपण ऐकलेलं तसं वजनं टांगून बांधून ठेवणं नाही. किती ओढायचं ते पडद्यावर दिसतं. पहिल्यांदा मला वाटलं आता माझी दोन माणसं होणार. हातात एक बटण देतात, सहन झालं नाही तर दाबायचं, सगळं थांबतं. मी ते बटण इतकं घट्ट धरलं होतं की समीक्षा म्हणाली, मावशी, जरा सैल धरा, मशीन पळून जात नाही.

खोटं कशाला बोलू, बरं वाटतंय. आठपंधरा दिवसांतच पोटरीतली आग कमी झाली. बोटांना जमीन लागायला लागली. बरोबर व्यायाम दिलेत आणि एक रुंद पट्टा, तो मी साडीच्या आत बांधते.

गेल्या आठवड्यात मी अशीच बांधलेली पडले होते. मधे पडदा, पलीकडे दुसरा पलंग. मदतनीस पोरीने पडदा सरकवला तर पलीकडे कोण? सत्यवान. नदीपलीकडचा, आंब्याच्या बागा करतो तो. माझ्याकडे किती वेळा पालथा पडून गेलाय, मागच्या चैत्रात तर नारळ आणून पायाशी ठेवला आणि म्हणाला, एकदम मोकळां वाटता. आता तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे बघतेय, दोघंही पट्ट्यांत आवळलेली, तोंड लपवायला उठता येईना. मी बटण दाबलं. त्यानेही दाबलं असावं, कारण दोन्ही पलंग एकदम थांबले आणि समीक्षा धावत आली.

नंतर बाहेर बाकावर तो माझ्या शेजारी बसला. बराच वेळ चपलेशी खेळत होता. मग म्हणाला, "तुझ्या पायान बरां वाटायचा गो मावशे. दोन दिस. मगे परत. पण तुका तोंडार कसा सांगाचा?" म्हणून तो पुन्हा पुन्हा येत राहिला, माझं मन राखायला. तोवर त्याचा पाय ओढायला लागला होता. अंगठा वर उचलला जात नाही त्याचा. समीक्षाने त्याला मोठ्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिलीय, त्याला बहुतेक ऑपरेशन लागेल म्हणते.

मी समीक्षाला विचारलं, म्हणजे माझ्या पायाने कोणालाच गुण आला नाही का? ती विचार करून बोलली. साधी उसण, स्नायू धरलेला, तो चार-आठ दिवसांत आपसूक सुटतो, मग पाय लावा नाहीतर नका लावू. तुमच्याकडे येणारे बहुतेक तेच. पण नस दबलेली असली तर पायाने काही होत नाही, उलट जोराने लाथ बसली तर अपाय व्हायचा. मी म्हटलं लाथ नाही, नुसता अंगठा लावते. म्हणाली, मग अपाय पायाने नाही झाला, थांबल्याने झाला.

आता माझा पाय भरून आला. बाकीचं उद्या लिहिते.

ता. १६

काल मुद्दाम थांबले, पाय भरून आला हे निमित्त. आज लिहिते.

सोमवारी ओरोसहून आले ती घामाघूम. मागच्या खोलीत साडी सोडून पट्टा काढत होते, तर आई दारात उभी. काठीचा आवाज तिला ऐकू येत नाही म्हणून ती समजते आपल्यालाही येत नाही, पण त्या दिवशी मलाच आला नाही. तिने पट्टा बघितला. हातात घेतला, उलटा केला, घोड्याचा आसा काय म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं तिला, ओरडून सांगायला लागतं, म्हणून दार लावून. शेवटी म्हटलं, आई, जगाच्या पाठीला मी पाय लावला, माझ्या पाठीला कोणाचा लावू?

ऐकता ऐकता ती फणसाच्या आठळ्या घेऊन सोलायला बसली होती, तशीच सोलत म्हणाली, "यशोदेक बोलव. तिचो पाय लाव."

मला वाटलं तिला नीट ऐकू गेलं नाही. मी म्हटलं, ताई कशाला, पायाळू मी ना.

"तू नाय. पायाळू यशोदा. तू डोक्यान इलंस, सगळ्यांसारख्या."

ताई, मी खाली बसले. भिंत न धरता बसले, पाठीचं भानच राहिलं नाही. माझा उजवा हात आपोआप बटण शोधत होता, तुला खोटं वाटेल. तुला कोणी सांगितलं असलं काहीतरी, असं मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "माका कोण सांगतलो? मीच जलम दिलंय दोघींका."

मग तिने सांगितलं ते असं. आपल्या अंगणात सुकी मासळी घेऊन विजयदुर्गाकडचे गनीभाई यायचे, तुला आठवतील, मोठी दाढी आणि खिशात आपल्यासाठी खोबऱ्याच्या वड्या. एकदा टोपली उतरवताना त्यांच्या कमरेत उसण भरली, वाकले ते वाकलेच. विचारलं, गावात कोणी पायाळू आहे का. आई म्हणाली, माझ्याच घरात आहे. बोलून गेली आणि वळून बघितलं तर तू पडवीत पुस्तक घेऊन बसलेली, मी शेजारी चिंचोके खेळत होते. ती तुझ्याकडे आली. आणि तुझ्यापाशी थांबून तिने हात माझा धरला. मला ते धरणं आठवतंय, ताई. गनीभाईंच्या पाठीला माझा अंगठा लावला, ते सावकाश उभे राहिले, मला वडी दिली. दुसऱ्या दिवसापासून मी पायाळू. दोघींची बाळंतपणं आईच्या माहेरची, इथे खरं कोणाला ठाऊक असणार.

मी आईला विचारलं, मला का पुढे केलंस? तिने हातातली आठळी सोलून संपवली. मग म्हणाली, "त्या दिसापासून लोक दारात येतले, ह्या माका ठावक होता. यशोदेक शिकाचा होता. तुझे पाय मोकळे होते."

एवढंच. आणि आठळ्या घेऊन चुलीपाशी गेली.

तुझे पाय मोकळे होते. ताई, मला राग आलाय. तुझा नाही, तुझाही थोडा. मी सातवीतून निघाले ती याच पायांपायी. परीक्षेच्या दिवशी कोणीतरी बैलगाडीतून आलं होतं, त्याला पाठवायचं कसं म्हणून आईने मला थांबवलं, आणि मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता. तू मास्तरीण झालीस. मी दुसऱ्याच्या वाट्याचं कौतुक घेऊन बसले.

काल पहाटे एक आठवलं आणि मग झोपच गेली. आभाळ कडाडलं की आई आपल्याला माजघरात लाकडी पाटावर बसवायची, आठवतं? पायाळूवर वीज पडते म्हणून. मला सांगायची, नर्मदे, तू घाबरशील म्हणून ताईला सोबत बसवते. तू चिडायचीस, पुस्तक वाचायला उजेड नाही म्हणून. आणि ज्या वर्षी तू खारेपाटणला आत्याकडे शाळेला होतीस, त्या वर्षी असाच परतीचा पाऊस कडाडत आला तेव्हा मी खळ्यात भाताच्या पेंढ्या झाकत होते. आई ओटीवर उभी होती. मला आत बोलावलं नाही तिने. मला वाटलं विसरली. ती विसरली नव्हती, ताई. पाटावर माझ्या सोबतीला तू नसायचीस, तुझ्या सोबतीला मी असायचे.

पुढे लिहवत नाही.

ता. २१

रविवार झाल्याशिवाय पत्र टाकायचं नाही असं ठरवलं होतं. रविवारी लोक येतात.

काल लवू सुतार आला. चौघेजण बरोबर, कौस्तुभ अंगणात मोटारसायकल धूत होता, संचिता पडवी सारवून उभी, आई खाटेवर. लवू नेहमीसारखा पालथा पडला. मी भिंत धरून उभी राहिले, उजवा पाय उचलला. तो अधांतरीच राहिला. माझ्या डोळ्यांसमोर सत्यवानाचा अंगठा येत होता.

मी पाय खाली ठेवला आणि विचारलं, लवू, पोटरीत आग होते का? म्हणाला होते. बोटं बधिर? म्हणाला, रातच्याक. मी म्हटलं, ऊठ आणि ओरोसला जा. तो म्हणाला, पाय लावून घेऊन जातो ना, पाय लावायला काय जातंय. सगळे हसले. मी नाही म्हटलं. तेव्हा तो उठून बसला आणि दुखावल्यासारखा बघायला लागला, माझं काही चुकलं का मावशे म्हणून. मग मला राहवलं नाही. मी निऱ्या जरा खाली ओढून कमरेचा पट्टा सगळ्यांना दाखवला. म्हटलं, "मी स्वताच जातंय थंय. माझी गादी सरकली हा. पायान ती जाग्यार येणा नाय."

कौस्तुभच्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला, अंगणात चिखल झाला. संचितानेच येऊन माझा हात धरला, म्हणाली, आजींचे दाखले कसले ते आत्ता कळलं. आणि रडायला लागली. लवू आज सकाळच्या एसटीने गेलाही.

पण दुसरं, खरी पायाळू कोण ते, मी कोणाला सांगितलेलं नाही. आईने खाटेवरून माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं. जाताना लवूची बायको म्हणाली, मावशी, तुमचा पाय मात्र देवाचा, बंद करू नका. तो माझा नाहीच. सांगायचं की नाही, आणि लोकांना काय सांगायचं, ते तू ठरव. पाय तुझा आहे.

ताई, लग्नाच्या मांडवात, व्याह्यांच्या देखत, तू म्हणालीस, लाथेने पाठ बरी झाली असती तर गाढवं डॉक्टर झाली असती. मी म्हटलं, ते तुझ्या शाळेत शिकव, माझ्या अंगणात नको. तेव्हापासून तुझी गाडी तळेऱ्यावरून दोनदा गेली, मला लोकांनी सांगितलं, थांबली नाही. तुझंच बरोबर होतं, हे लिहायला मला एवढी पानं लागली.

तर आता एक मागते. दिवाळीला ये. मशीन मी सोडणार नाही, समीक्षाला शब्द दिलाय, आणि ते काम करतंय. तुझा यावर विश्वास नाही हे मला ठाऊक आहे, माझाही किती उरलाय देव जाणे. पण सहा वर्षांची होते तेव्हापासून मी बायाबापड्यांच्या, म्हाताऱ्यांच्या, सगळ्यांच्या पाठीला पाय लावला, आणि माझ्या पाठीला आजवर कोणी लावला नाही, कारण कोणाला वाटलंच नाही की लावायला हवा. मी पडवीत पालथी पडेन. तू नुसता अंगठा ठेव. तीनदा नाही, एकदा ठेवलास तरी चालेल. कोणी बघत असलं तर बघू दे. गाढवांचं काय ते नंतर बोलू.

आणि आभाळ कडाडलं तर मी तुझ्याजवळ पाटावर बसेन. ते काम माझंच होतं.

वाट बघणारी, डोक्याकडून जन्मलेली
तुझी धाकटी
नर्मदा